गायरानातला हिवर

होटगीच्या पुढच्या गायरानात पाय ठेवला आणि फिरदोसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सोलापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तेही तासिकेवर. म्हणजे आज आहे, उद्या नाही अशी नोकरी. कॉलेजच्या श्रमदान शिबिराला ती एक दिवस उशिरा आली होती. तेवढ्यात पोरांनी परदेशातून आलेली वेडी बाभूळ हटवायची म्हणून अर्धं गायरान साफ केलं होतं. आणि तोडलेल्या ढिगात वेड्या बाभळीची एक काडी नव्हती. सगळा हिवर. याच मुरमाड माळावर पिढ्यानपिढ्या उगवलेला, हक्काचा हिवर.

ढिगाशेजारी गावातली चंद्रव्वा डोक्याला हात लावून बसली होती. तिची शेरडं तोडलेल्या फांद्या ओरबाडत होती.

"आज खातील वो," ती म्हणाली. "उन्हाळ्यात हितं काडी ऱ्हात न्हाय, तवा ह्याच्या शेंगांवरच जगत्यात. आमी दरसाल फांद्या छाटून घालतो, म्हणून झाड वर जात न्हाय, झुडूपच ऱ्हातंय. तर तुमचे सर म्हनले, झुडूप हाय म्हंजे वेडी बाभूळच."

फिरदोस तडक शिबिरप्रमुख अभिमन्यू सरांकडे गेली.

"सर, हे पान बघा. वेड्या बाभळीच्या पानाला पिसासारख्या फाट्यांच्या एक-दोन जोड्या असतात. इथे दहा आहेत. साल बघा, पांढुरकी. हा हिवर आहे. उरलेला तरी वाचवा."

सरांनी पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "काटेरी ते काटेरी, मॅडम. उरलेलं पाहुण्यांसमोर तोडायचंय, फोटो हवेत. मग इथे सिल्व्हर ओक लावू. देशी वृक्षांचा फलकही तयार आहे."

"तो ऑस्ट्रेलियातला आहे, सर."

"पुढच्या सत्रात तास हवेत ना तुम्हाला?" सर हसून म्हणाले.

धमकी द्यायची तर निदान सरळ तोंडाने द्यावी. हसून दिलेली फिरदोसच्या फार जिव्हारी लागली. घरी काय सांगायचं, हाही विचार मनात येऊन गेला, नाही असं नाही.

पाहुणे आले. माळावरच्या एकुलत्या उंच झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. देशी झाडांवर सरांनी घसा कोरडा होईस्तोवर भाषण ठोकलं आणि आभाराला फिरदोसला बोलावलं. ती आता मूग गिळून बसणार, याची त्यांना खात्रीच होती.

तिने हात वर करून डोक्यावरची एक डहाळी मोडली.

"पाहुण्यांचे आभार. आपण बसलोय ती सावली वेड्या बाभळीची आहे. सरळ वाढली म्हणून वाचली. काल तोडला तो हिवर होता आणि आता तोडायचा तोही हिवरच आहे. वेड्या बाभळीच्या पानाला जोड्या एक-दोन, हिवराच्या पानाला दहा. मुलांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पानं मोजा."

माईक बंद पडला. म्हणजे पाडला गेला.

संस्कृती नावाची विद्यार्थिनी उठली, ती डहाळी घेऊन उरलेल्या झुडपांपाशी गेली. "हिवर," ती म्हणाली. पलीकडून तिच्या वर्गातला अजिंक्यही म्हणाला, "हिवर." मग सगळा वर्गच पानं मोजत माळभर पांगला.

"पुरे झालं," सर दरडावले. "कोयते घ्या आणि कामाला लागा."

पोरांनी निमूट कोयते उचलले आणि सगळी खुर्च्यांकडे परत आली.

"सर," अजिंक्य अदबीने म्हणाला, "तेवढी खुर्ची सरकवता का? वेडी बाभूळ तोडायची हाय."