दीड ग्रॅम

लॉरेनने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. द्रावण गढूळ होतं. तिने दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच, पातळ ताकासारख्या.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या या लहानशा कारखान्यात गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या आजाराचं तपासणी किट बनतं. त्यातलं द्रावण नासू नये म्हणून वर्षानुवर्षं पाऱ्याचं औषध घालत आले. ते बदलायचं, हा तिच्या नवऱ्याचा, आर्मंडचा ध्यास. कारखान्याचं पाणी जातं त्या नदीकाठी मासे खाऊ नका अशी पाटी लागली तेव्हापासून त्याने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी त्याने नवं औषध घालून एक घाणा केला आणि बाटल्या वर्षभरासाठी फळीवर मांडल्या. जानेवारीत तो गेला. आज बाटल्यांना वर्ष भरलं.

"सगळ्या नासल्या, नोरीन."

नोरीन विभागाची प्रमुख, आणि तीस वर्षांची मैत्रीण. तिने एक बाटली हलवून पाहिली.

"बिचाऱ्याने जिवाचं रान केलं गं. पण औषधच कुचकामी निघालं. आपला पाराच बरा. मी आजच वर कळवते."

"तासभर थांब."

"थांबून काय होणार आहे, बाई?"

लॉरेन कपाटाकडे वळली. नव्या औषधाची बाटली कपाटात होती. ती त्या एकाच घाण्यासाठी उघडली होती, म्हणजे लेबलवर लिहिलेल्या भरल्या बाटलीच्या वजनापेक्षा तीन ग्रॅमने हलकी भरायला हवी. तिने ती काट्यावर ठेवली. दीडच ग्रॅम कमी. पुन्हा ठेवली. दीडच.

वहीत आर्मंडच्या वाकड्यातिकड्या अक्षरात तीन ग्रॅम लिहिलं होतं. शेजारी, वजन डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराची सही. तिची.

तो दिवस तिला लख्ख आठवला. आजारपणाने आर्मंडचे हात इतके थरथरत होते की काट्यावरचा आकडा ठरतच नव्हता.

"बघतेस ना गं?" त्याने विचारलं होतं.

"बघतेय, बघतेय." कुठली बघतेय! ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिने सही ठोकली होती.

बाटली गुपचूप कपाटात ठेवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. आर्मंडचं नाव स्वच्छ राहिलं असतं, तिचंही. आणि नदीत पारा जात राहिला असता.

तिने वही आणि बाटली नोरीनच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"औषध चांगलं आहे. अर्धंच पडलंय."

नोरीनने वही वाचली. मग चष्मा काढला.

"लॉरेन, ही सही तुझी आहे."

"माझीच."

"बघितलं नव्हतंस?"

"त्याचे हात बघवत नव्हते गं मला." इतकं बोलून ती रडली. अंत्यविधीलाही रडली नव्हती एवढी.

"हे मला लिहावं लागेल. तुझी साक्ष यापुढे चालणार नाही."

"लिही."

दुपारी नोरीनने स्वतःच नवा घाणा मांडला. साक्षीला शेजारच्या विभागातल्या बाईला बोलावलं. लॉरेन दारात उभी होती.

"मी येऊ?"

"सही नाही करता यायची तुला."

"सही नको. नुसतं बघते."

नोरीन बाजूला सरकली. लॉरेन काट्यापुढे वाकली. आकडा थोडा हलला आणि तीनवर थांबला. बाईने सही केली, नोरीनने बाटली उचलली, काटा शून्यावर आला. लॉरेन तिथेच वाकून बघत राहिली.