खारट ओढा

त्या वर्षी मकुरूचा पाऊस पडण्याआधीच ओढा वाहू लागला, आणि त्याचे पाणी खारट होते.

मकुरूच्या थंड, ओल्या महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येकडच्या नूंगार आदिवासींची तीन बिऱ्हाडे समुद्रकाठ सोडून आत आली होती. पश्चिमेला ढग दाटत होते, झोपड्यांच्या पाठी वाऱ्याकडे करून झाल्या होत्या. पाणी मात्र कुणाला पिववत नव्हते.

ॲम्ब्रोजने खापर बहिणीच्या नवऱ्यावर फोडले.

"आधी मूठभर वाळू टाकून पाण्याला ओळख द्यायची असते, दाजी. तुम्ही आलात ते थेट तोंड लावलंत."

"टाकली होती," सेसिल म्हणाला.

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं, दादा," मिनी म्हणाली.

"तू नवऱ्याचीच री ओढणार. पाऊस यायच्या आत निघा दोघं."

निघायचे म्हणजे गोऱ्यांच्या गावाबाहेर, पोलिसांच्या नजरेखालच्या छावणीत जायचे. आणि मिनीचे दिवस भरत आले होते.

"शेजारच्या घळीतही मी तसाच प्यालो," सेसिल म्हणाला. "माझ्यामुळे पाणी बिघडत असेल, तर तेही बिघडलेलं हवं. चला, चाखा."

"चाखतो. मग तुमचं बोचकं मीच बांधून देतो."

घळीत प्रवाह नव्हता. खडकाच्या खोबणीतले पाणी गोड होते. वरच्या उतारावर वांडूची, म्हणजे तिथल्या निलगिरीची, झाडे हिरवी उभी होती. सेसिलने काठीने खड्डा खणला. कोपरभर खोलीपर्यंत माती कोरडी निघाली.

ओढ्यावरच्या उतारावर तीच झाडे करडी, मेलेली होती. तिथे वीतभर खणताच पाणी झिरपले. ॲम्ब्रोजने बोट बुडवून चाखले आणि थुंकला.

"ही झाडं कुणी मारली?" सेसिलने विचारले.

"गोऱ्या मालकाला गव्हासाठी रान हवं होतं."

"कुऱ्हाडी कुणाच्या होत्या?"

"तुमचीही होती."

"होती."

ॲम्ब्रोजने पायाने खड्ड्यात माती लोटली. "झोपड्या त्या घळीपाशी हलवू. तुमचीही. पण म्हणून तुम्ही वाळू टाकली होती असं मी मानत नाही."

कारण असे होते: दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या उतारावरच्या प्रत्येक झाडाची साल बुंध्याभोवती कड्यासारखी सोलून ते मारले होते. जिवंत असताना झाडे जमिनीतले पाणी शोषून घेत, म्हणून ते खोल राहत असे. झाडे मेल्यावर ते वर चढले, मातीत साठलेले मीठ विरघळवत आले आणि पावसाची वाट न पाहता ओढ्यात उतरले.