झोळीचे दिवस

डहाणूच्या एका साप्ताहिकात मिथुनचं सदर दर शुक्रवारी यायचं. आठवड्याच्या बातम्या घ्यायच्या आणि पुढाऱ्यांना चिमटे काढायचे, हा त्याचा उद्योग. सायवनपलीकडच्या त्याच्या पाड्यावरचा, छापून येणारा तो पहिलाच. त्याची आई बायजी अंक आला की शेजारच्या दक्षाकडून मोठ्याने वाचून घ्यायची आणि अख्खा पाडा ऐकायला जमायचा. पुढारी खोटं बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मिथुन आपला होता.

उन्हाळ्यात पाड्याच्या रस्त्याचा नारळ फुटला. नारळ फोडायला आपल्याकडे माणसं कधी कमी पडत नाहीत. ओढ्यापर्यंत खडी पडलेली पाहून मिथुन, कधी नव्हे तो, खूश झाला. आता गाडी दारात येईल, झोळीचे दिवस संपले, असं त्याने लिहून टाकलं. ओढ्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, बाकी होती. तीही होईलच, असं त्याने गृहीत धरलं.

पाड्याची रीत अशी, की बाईला कळा सुरू झाल्या की कुणाची वाट बघायची नाही. बांबूला गोधडी बांधायची, तिला झोळीत घालायचं आणि चौघांनी चालू पडायचं. पावसाळा लागला, आणि या सोमवारी पहाटे मिथुनच्या बहिणीला, रविनाला, कळा आल्या तेव्हा म्हातारा काकड्या बांबू घेऊन दारात हजर होता. बायजीने त्याला परत पाठवलं. गाडी बोलावलीय, ती दारात येईल, माझ्या पोराने लिहिलंय, म्हणाली.

गाडी आलीसुद्धा, पण ओढ्यापलीकडे थांबली. हे कळून झोळी बांधेपर्यंत ऊन वर आलं होतं. वर डोंगरात पाऊस कोसळत होता, आणि पहाटे गुडघाभर असलेला ओढा तोवर छातीला लागला होता. रविना अलीकडच्याच काठावर गेली, बाळ पोटात घेऊन.

मिथुन मातीला पोचला. संध्याकाळी संपादकांचा फोन आला, की या आठवड्यात हेच घ्या. ठेकेदार, पुढारी, साहेब, सगळ्यांना धारेवर धरता आलं असतं. त्याला काही म्हणजे काही सुचेना. तो आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला आणि म्हणाला, की शुक्रवारी मी छापणार आहे, माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला म्हणून माझी बहीण गेली.

बायजीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"तसं नको लिवू," ती म्हणाली. "गाडी दारात आली होती, रविनाच निघाली नाय, असं लिव. ती काय आता बोलायला येत नाय. तुझा शब्द खोटा नको पडायला."