मामा आला, मामा आले

घरात उंदीर शिरला आहे हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. पिठाच्या डब्यामागे काळ्या तांदळासारख्या लेंड्या दिसतात, साबणाच्या वडीवर दातांची नक्षी उमटते, आणि कपाट उघडलं की जुन्या दफ्तरखान्यासारखा कुबट वास येतो. शेवटचं लक्षण मी लगेच ओळखलं. त्या वासात माझी उभी नोकरी गेली.

त्याचं नाव मात्र घ्यायचं नाही, असा हिचा दंडक होता. नाव कानावर पडलं की तो सावध होतो आणि सापळ्याकडे फिरकत नाही. म्हणून त्याला 'मामा' म्हणायचं. अडचण एवढीच, की माझे खरेखुरे मामा, मामी गेल्यापासून, आमच्याकडेच राहत होते. ती अडचण हिने व्याकरणाने सोडवली. शेपटीवाला तो 'मामा आला', आणि चष्म्यावाले ते 'मामा आले'.

"मामाने पाव कुरतडला," ही म्हणायची.

"मी नाही हो, सूनबाई. मला दात कुठे आहेत?" मामा म्हणायचे, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे.

सापळ्यात पहिला सापडला तो अर्धाच. कंबर तारेखाली चेपलेली, आणि पुढचे पाय फरशी ओरबाडत होते. जन्मभर मी हात उगारला तो शिक्का मारण्यापुरता; पण हिने पडद्याची लोखंडी दांडी हातात दिली आणि मी मारत सुटलो. तो मेल्यावरही थांबलो नाही. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले, तेव्हा हिने शांतपणे ओलं फडकं पुढे केलं. त्याच्या पुढच्याला तिने पिंजऱ्यासकट बादलीत बुडवलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत भाजी चिरत राहिली. जुन्या गादीत गुलाबी पिल्लं निघाली, ती तिने एकेक करून चपलेखाली चिरडली. मी तोंड फिरवलं. खोटं कशाला बोलू, हातही शिवशिवले.

मग घर शांत झालं. लेंड्या नाहीत, वास नाही, कुरतडणं नाही. पडदा लावून टाकावा म्हणून मी दांडी मागितली.

"राहू दे," ही म्हणाली. "मामा आज दुपारी कपाटामागे सापडले. पाठीत घातली, पण निसटले."

दुसऱ्यांचे मसुदे तपासण्यात केस पिकवलेला माणूस मी. ते क्रियापद तांदळातल्या खड्यासारखं दाताखाली आलं.

"सापडला म्हण," मी हसत म्हणालो.

"तेच म्हणाले मी," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

चहाला मामा खुर्चीला पाठ न टेकता बसले होते. मी त्यांना त्यांच्या खोलीत नेलं आणि सदरा वर केला. पाठीवर दांडीच्या जाडीचा काळानिळा वळ होता, आणि मधोमध कातडी फाटली होती.

"मामा, हे काय?"

"काही नाही रे. चुकून लागलं असेल. किती करते बिचारी माझं." मग माझं मनगट घट्ट धरून ते कानाशी आले. "पण तू हळू बोल. तिला सगळं ऐकू येतं."

हे या घरात राहिले तर जिवंत राहणार नाहीत, एवढं मला कळलं. त्यांना धाकट्या मावशीकडे पोचवायचं मी ठरवलं. तिचं आपल्या भावावर पहिल्यापासून प्रेम. मामांना पिशवी भरायला सांगितली, औषध आणतो अशी हिला थाप मारली, आणि कोपऱ्यावर टॅक्सी पकडायला धावलो.

टॅक्सी दारात उभी करून आत आलो, तर मामांच्या खाटेवर पिशवी रिकामीच, घडी घालून ठेवलेली. दांडी जागेवर नव्हती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामांचा आवाज आला, आणि ते जिवंत आहेत या एका गोष्टीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाठीत नको घालूस, सूनबाई," ते समजावून सांगत होते. "पाठीत घातली की निसटतात. डोक्यात घालायची."

"हळू बोला," ही म्हणाली. "भाचे आले."