पाहुण्यांसाठी अंथरलेली घोंगडी

"सतरंज्या लग्नाला गेल्या," मांडववाल्याचा माणूस म्हणाला आणि सायकल झाडाला टेकवून खिशात बिडी शोधू लागला.

"लग्नाला? आरं, आज आमचं प्रदर्शन हाय!" भाऊसो जवळजवळ ओरडलाच.

"ते मालकास्नी इचारा. लग्नवाल्यांस्नी आधी सबूद दिला हुता म्हनं. तुमाला खुर्च्या दिल्यात की."

खुर्च्या आल्या होत्या, हे खरे. पण फाटकापासून मांडवापर्यंत जमीन उघडी होती आणि ती नुसती उघडी असती तरी चालले असते. सकाळी धूळ उडू नये म्हणून भाऊसोनेच पाणी मारायला सांगितले होते. पाणी मारणाऱ्याने महिन्याचे पाणी एका दमात मारून टाकले. काळ्या मातीचा असा चिखल झाला की चालणाऱ्याच्या पायाला ढेकळेच चिकटत होती. आणि तासाभरात मुंबईचे पाहुणे, सरकारातले एक मोठे साहेब, यायचे होते.

भाऊसो म्हणजे सांगलीच्या हस्तोद्योग मंडळाचा पगारी चिटणीस. पगारी चिटणीस म्हणजे बाकीच्यांनी सांगायचे आणि त्याने करायचे. चीनची लढाई संपून वर्ष उलटले होते. हाताने माल बनवणाऱ्या माणसांसाठी सांगलीत काहीतरी करावे, असे मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब यांच्या मनात आले होते. ऊस आणि पेढी सांभाळून लालासाहेबांना जेवढा वेळ उरे तेवढा ते समाजाला देत, आणि तो फार नसे. त्यामुळे विश्रामबागेतल्या शाळेचे मैदान मागण्यापासून गावोगावच्या कारागिरांच्या दारात जाऊन बसण्यापर्यंत सगळे भाऊसोच्या गळ्यात पडले. ते त्याने मनापासून केले. सुपे विणणारी बाळाबाई त्याने आणली, मिरजेचे सतार बनवणारे रसूलभाई आणले, आणि पार माण तालुक्यातून, आपल्याच गावाहून, घोंगडी विणणाऱ्या आबा सनगरांना आणले.

आबांना आणणे सर्वांत अवघड गेले होते. भाऊसोचा बाप आणि आबा यांचे माग एकाच पडवीत होते. लहानपणी भाऊसो त्या दोन मागांच्या मधे झोपे. बाप गेला, भाऊसो शाळा शिकून सांगलीला आला, आणि त्यांच्या घरचा माग मोडून त्याची लाकडे चुलीत गेली. आबांचा माग मात्र चालू होता. त्यांची बायको येसूबाई लोकर कातायच्या आणि आबा विणायचे.

"म्हसवडच्या बाजारात इकतोय की आमी," आबा तेव्हा म्हणाले होते. "सांगलीला येऊन काय येगळं हुनार?"

"आबा, तितं बाजार हाय. हितं मान मिळंल तुमास्नी."

येसूबाई सूत कातायची चाती फिरवता फिरवता थांबल्या होत्या. "तू हायस न्हवं तितं?" त्यांनी विचारले.

"म्या हाय की काकी. मंग काय तर."

तेवढ्यावर दोघे आली होती. घोंगड्यांची दोन गाठोडी घेऊन, दोन एसट्या बदलून. त्यात एक घोंगडे जावळाचे होते, म्हणजे कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीचे. अशी लोकर थोडी मिळते. ती साठवून, कातून येसूबाईंची दोन वर्षे गेली होती. काळेभोर, कडेला पांढरी रेघ, आणि हाताला इतके मऊ की ते घोंगडे आहे हे सांगावे लागे. काल संध्याकाळी भाऊसोने ते गालाला लावून पाहिले, तेव्हा आबा लाजले होते.

आता भाऊसो कपाळाला हात लावून चिखलाकडे बघत उभा होता, तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले.

"काय झालं रं?"

भाऊसोने सांगितले. आबांना त्यात एवढे काय, तेच कळेना.

"पाव्हणं यायचं आनि भुई उघडी ऱ्हायाची? आन् आमी हितं घोंगड्यांचा ढीग लावून बसल्यालो?" ते हसले. "येडा हायस काय गड्या. काढ ती गाठोडी."

माणात पाहुणा आला की आधी घोंगडे अंथरतात, पाणी मग विचारतात. पाहुणा कडेला पायताण काढतो आणि घोंगड्यावर बसतो. घोंगडे बिरोबाचे, म्हणजे देवाचे. त्याला पायताण लावणे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. हे भाऊसोला कुणी शिकवले नव्हते. श्वास घ्यायला कुठे कुणी शिकवते? म्हणूनच तो जरा घुटमळला.

"आबा, मानसं लय येनार हाईत..."

"येऊ देत की. कडंला पायताण काढाया सांग म्हंजे झालं. सांगशील न्हवं?"

"सांगतो की," भाऊसो म्हणाला.

एवढे एकच वाक्य तर बोलायचे होते. भाऊसोला वाटले, बरेच झाले. पाहुण्यांनाही नवलाई वाटेल. आबा आणि येसूबाईंनी चिखलावर आधी गवत टाकले, त्यावर गोणपाट, आणि त्यावर एकेक घोंगडे झटकून, सुरकुती काढून फाटकापासून अंथरत नेले. मांडवापाशी, जिथे पाहुणे थांबून माल बघणार होते, तिथे येसूबाईंनी जावळाचे घोंगडे अंथरले. अंथरून झाल्यावर त्या अनवाणी पायांनी मागे सरकत सरकत कडेवर आल्या आणि पदराने तोंड पुसून उभ्या राहिल्या. मैदानाचे एकदम रूपच पालटले. बाळाबाई सुपांमागून म्हणाली, "देवळात आल्यावानी वाटाया लागलं, आक्का."

मोटार वेळेआधीच आली.

पाहुणे उंच होते, सुटाबुटात होते, आणि चांगले हसरे होते. मागून त्यांच्या पत्नी उतरल्या, टाचेच्या चपला घातलेल्या. लालासाहेब पुढे धावले. हार झाले. भाऊसो घोंगड्याच्या कडेला उभा होता, ठरल्याप्रमाणे. वाक्य त्याच्या ओठांवर तयार होते. साहेब, आमच्याकडची रीत आहे, पायताण इथं काढावं.

त्याची नजर पाहुण्यांच्या बुटांवर गेली. बूट नाड्यांचे होते. नाड्या सोडायला वाकावे लागणार. इतक्या लोकांत पाहुण्यांना वाकायला लावायचे? बसायला खुर्ची लागेल, खुर्च्या तिकडे मांडवात. आणि मोजा फाटका निघाला तर? लालासाहेब काय म्हणतील? मंडळाला सरकारी मदत मिळायची तर या माणसाच्या शब्दावर मिळणार होती. सगळे विचार एका क्षणात येऊन गेले, आणि एकही विचार असा नव्हता की ज्याला उत्तर नव्हते. तरी भाऊसोचे तोंड उघडले नाही.

"या, या साहेब, असे सरळ या," लालासाहेब म्हणाले.

पहिला बूट घोंगड्यावर पडला. मग दुसरा. सकाळचे पाणी फाटकाबाहेरही वाहिले होते, त्यामुळे मोटारीतून उतरून फाटकापर्यंत येताना बुटांना चिखल लागलाच होता. मागून बाई आल्या, त्यांच्या मागून मंडळाचे सभासद, पेपरवाले, शाळेचे हेडमास्तर. घोंगडी पायाखाली गेली. भाऊसोने वर पाहिले. आबा पाहुण्यांकडे बघतच नव्हते. ते भाऊसोकडे बघत होते. त्यात राग नव्हता. भाऊसो आता बोलेल, अजून बोलेल, अशी वाट बघणारे ते डोळे होते.

"भाऊसो!" मांडवातून लालासाहेबांची हाक आली. "कात्री कुठाय? फीत कापायची कशानं?"

कात्री भाऊसोच्या खिशात होती. मांडवाकडे जायला दोन वाटा होत्या. एक चिखलातून, बाजूने. दुसरी समोर अंथरलेली. भाऊसो पळत सुटला, आणि पळताना त्याच्या पायांनी समोरची वाट घेतली. नव्या वहाणांसकट. जावळाच्या घोंगड्यावर त्याचा पाय जरा घसरला, तेवढ्यात त्याला कळले आपण काय करतो आहोत. पण तोवर तो पलीकडे पोचला होता, कात्री पुढे करत होता, आणि टाळ्या वाजत होत्या.

पाहुण्यांना माहीत नव्हते. लालासाहेबांनाही नसेल. तिथे त्या वहाणा घातलेल्या सगळ्या गर्दीत हे ज्याला माहीत होते असा एकच माणूस होता, आणि तो घोंगडी विणणाऱ्या सनगराच्या पोटी जन्मलेला होता. भाषण सुरू झाले. ते त्यानेच लिहून दिलेले होते. "कारागिराचा मान हा देशाचा मान," असे लालासाहेब त्यात म्हणाले, आणि भाऊसोला मांडवाच्या कनातीमागे जाऊन उभे राहावेसे वाटले.

मग पाहुणे माल बघत फिरले. बाईंना घोंगडी आवडली. आबांपुढची जागा मोकळी होती, माल सगळा भुईवर. बाईंनी वाकून जावळाच्या घोंगड्याचे टोक उचलले आणि बोटांनी चोळले.

"किती मऊ! हे मला हवं. किती किंमत?"

आबांनी हात जोडले. "ते न्हाई द्येता यायचं, बाईसाब."

"का? हवं तर जास्त देऊ."

"दुसरं इनून धाडीन म्या. ह्ये न्हाई. ह्ये आता कुनाच्या अंगावर घालायजोगं न्हाई ऱ्हायलं."

बाईंना काही उमगेना. त्यांनी भाऊसोकडे पाहिले. पाहुण्यांनीही पाहिले. आता तरी सांगता आले असते. बाई समंजस दिसत होत्या. कदाचित त्यांनी माफीही मागितली असती.

"ते आधीच विकलं गेलंय, बाईसाहेब," भाऊसो हसून म्हणाला. "त्यांना नीट सांगता येत नाही."

"अरे वा! पहिल्याच तासाला विक्री!" पाहुणे खूश झाले. लालासाहेबांनी भाऊसोची पाठ थोपटली. आबा खाली बघत राहिले, आणि येसूबाई उगाच पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

त्यानंतर दिवसभर भाऊसोने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कामे काढली. कनात ताणली, बाळाबाईची सुपे विनाकारण पुन्हा रचून दिली. लांबून त्याला दिसत होते. गिऱ्हाइके आबांपाशी थांबत, आबा मान हलवत, गिऱ्हाइके पुढे जात. एकही घोंगडे त्यांनी विकले नाही. दुपारी रसूलभाई सतारीवर कापड टाकून उठले. घोंगड्याच्या कडेशी त्यांनी वहाणा काढल्या, अनवाणी आत गेले, आणि दोघांबरोबर घोंगडी उचलून झटकू लागले. ते पाहून भाऊसोला स्वतःची इतकी लाज वाटली की तो पाणी प्यायला गेला आणि पाणी न पिताच परत आला.

प्रदर्शन अजून एक दिवस चालायचे होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच भाऊसो किटलीतून चहा घेऊन मांडवात आला, तर आबांची जागा झाडून स्वच्छ केलेली होती.

"त्ये दोघं स्टँडावं गेली," बाळाबाई म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हते, पण तिने भाऊसोकडे पाहिलेही नाही.

एसटी स्टँडावर गारठा मी म्हणत होता. फलाटाच्या टोकाला भिंतीशी दोघे बसली होती. अंगावर चिखलाने वाळून कडक झालेले गोणपाट ओढून घेतले होते, तेच, घोंगड्यांखाली घातलेले. दोघे कुडकुडत होती. शेजारी गाठोडी होती, घट्ट बांधलेली.

"आबा, आवं येक घोंगडं तरी घ्यायचं," भाऊसोच्या तोंडून निघून गेले.

आबांनी मान वर केली. "पायताण लागल्यालं कसं घ्यायाचं रं?" लहान पोराला समजावून सांगावे तसे ते म्हणाले.

"मंग त्येंचं काय करनार?"

"गुरांच्या पाठीवं घालू. थंडी त्यास्नी बी वाजतीच."

"जावळाचं बी?"

येसूबाई गाठोड्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत होत्या.

"आबा, माजं चुकलं. म्या सांगाया पायजे हुतं. आनि म्या सोता..."

"तू गडबडीत हुतास," आबा म्हणाले. "त्या मानसांस्नी ठाव नव्हतं. आन् तू..." ते शब्द शोधत राहिले. भाऊसोला बोल लागू नये असा शब्द त्यांना हवा होता, आणि तसा शब्द त्यांना सापडला नाही. "तुजा बा आसता तर तुला तवाच आवाज दिऊन थांबवलं आसतं," शेवटी ते हळूच म्हणाले.

भाऊसोने अंगातला लोकरी कोट काढला आणि येसूबाईंपुढे धरला. "काकी, एवढा तरी घ्या. गाडीत लय वारं लागंल."

येसूबाईंनी कोटाकडे पाहिले. गोणपाटाखालून हात बाहेर काढला, कोटाला लावायचा म्हणून पुढे केला, आणि बोटांना लागलेला चिखल दिसताच मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे लेका," त्या म्हणाल्या. "तुजा कोट मळंल. तुला तितं चांगल्या मानसांत उभं ऱ्हायाचं आसतंय."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरेच तसे वाटत होते. तेच भाऊसोला सोसेना.

माणाकडे जाणारी दहिवडीची गाडी लागली. आबांनी गाठोडी टपावर चढवू दिली नाहीत, मांडीवर घेतली. गोणपाटांची नीट घडी करून येसूबाईंनी ती भाऊसोच्या हातात दिली, मंडळाची म्हणून. खिडकीतून दोघांनी हात जोडले, जसे परक्याला जोडतात.

गाडी वळली. भाऊसो एका हातावर कोट आणि दुसऱ्या हातात गोणपाट घेऊन फलाटावर उभा राहिला. आपण कोट घालायचा नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण थंडी फार होती. थोड्या वेळाने त्याने गोणपाट खाली ठेवले, कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणे लावली, आणि प्रदर्शनाचा दुसरा दिवस सुरू करायला विश्रामबागेची वाट धरली.