घोड्यावर बसायची पँट

“पायघोळ झगा घालून घोड्यावर बसू देत नाहीत, आई. तारेवरून तर नाहीच नाही. लांब पँटच हवी,” मोबाईलवरच्या सूचना वाचत सून म्हणाली.

“आयुष्यभर तारेवरची कसरतच केली. पँट घालून करायची तेवढी राहिली होती,” टेलरबाई म्हणाल्या.

बोलायला त्या अशा, पण मनाने कधीच्याच जंगलात जाऊन पोहोचल्या होत्या. उद्या सकाळी मुलगा, सून आणि त्या असे तिघे निघणार होते. आधी घोड्यावरून रपेट, मग तारेला लटकून या झाडावरून त्या झाडावर जायचं. दुकानाच्या मागच्या खोलीत मान खाली घालून जन्म काढलेल्या बाईला झाडांचे शेंडे वरून बघायची हौस असणारच. गंमत एवढीच, की गावभरच्या पुरुषांच्या पँटी शिवणाऱ्या टेलरबाईंनी स्वतः कधी पँट घातली नव्हती.

सुनेने बाजारातून आणलेली पँट त्यांनी उलटी करून बघितली आणि परत केली.

“ही घोड्यावर चढतानाच राम म्हणेल. शिवणीच्या आत जादा कापडाची जरासुद्धा माया सोडलेली नाही.”

“मग आता हो? दुकानं बंद व्हायला आली.”

“एक आहे घरात,” त्या म्हणाल्या, आणि उगाच बोलले असं त्यांना वाटलं.

ती नवऱ्याची होती. तपकिरी, जाड कापडाची. बाकीचे कपडे त्यांनी केव्हाच देऊन टाकले होते, हीच तेवढी हातून सुटली नव्हती. आजारपणात माणूस वाळत गेला, तशी त्या ही पँट कमरेत आत घेत गेल्या. कापड मात्र कधी कापलं नाही. “अंगाने भरलात की परत सैल करून देते,” असं त्या दर वेळी सांगायच्या. तोही पलंगाच्या कडेला बसून मान डोलवायचा. दोघांनाही खरं काय ते ठाऊक होतं.

स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. आकडा बघायला वाकलं की कंबर बदलते. सुनेने टेप धरली, ती झग्याच्या चुण्यांवरूनच.

“अगं, पोतं मोजतेस का? आवळून धर.”

सुनेने पुन्हा धरली आणि आकडा सांगितला. टेलरबाईंचा हात तपकिरी पँटच्या कमरेवर गेला. नवरा धडधाकट होता तेव्हाचं माप होतं ते. म्हणजे आत घेतलेल्या साऱ्या शिवणी उसवायच्या. त्याच्यासाठी त्यांच्या हातून झालेलं शेवटचं काम तेवढंच उरलं होतं.

सुनेच्या ते लक्षात आलं. “राहू द्या, आई. आपण नंतर कधीतरी जाऊ.”

“नको. मला जायचंय,” त्या म्हणाल्या. आवाज जरा चढलाच.

ब्लेड घेऊन त्या बसल्या. सगळ्यात शेवटची शिवण आधी निघाली. ती वाकडीतिकडी होती. असं काम गिऱ्हाईकाला दिलं असतं तर त्याने तोंडावर फेकलं असतं. तिच्या मागची बरी, तिच्याही मागची सरळ. टेलरबाई रडत होत्या आणि टाके तोडत होत्या. आतलं कापड अजून नव्यासारखं होतं. त्यांनी एकच पक्की शिवण घातली, इस्त्री फिरवली. सुईची भोकं काही बुजली नाहीत.

पँट चढवून त्या आरशासमोर उभ्या होत्या, तेवढ्यात मुलगा कामावरून आला. दारातच थबकला.

“बाबांची ना?”

“हो. बैठक बरोबर आहे. पाय तेवढे लांब पडतायत.”

“मग खालून कापायची का?”

“छे! दुमड नुसती. मला वाकून जमत नाही.”

तो गुडघ्यांवर बसला. एक पाय दुमडला, मग दुसरा, दोन्ही सारखे झाले का ते बघितलं. काम झालं होतं, तरी दुमडलेली कड त्याने मुठीत धरून ठेवली होती, आणि मान काही वर होत नव्हती.

टेलरबाईंनी पाय हलवला नाही. तशाच ताठ उभ्या राहिल्या.