डाव्या हाताची पारख

"डोळे मिटा, काका. कापूस लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. गालाला, मानेला, उजव्या हाताला कापूस लागला. मी तीनदा 'हो' म्हणालो. मग बराच वेळ काहीच झालं नाही. डॉक्टरीणबाई लिहीत असतील असं समजून मी गप्प राहिलो. शेवटी धीर करून विचारलं, "आता डावा हात ना?"

"चार वेळा लावून झाला," त्या म्हणाल्या. "शेवटी तर पेनाचं टोक टोचलं."

डोळे उघडले. डाव्या कोपराखालच्या तांबूस चट्ट्यावर शाईचा निळा ठिपका होता.

बायको शेजारीच बसली होती. वर्षभर ती "दाखवा, दाखवा" म्हणत होती आणि मी म्हणत होतो, दुखत नाही, खाजत नाही, मग कशाला?

"माझ्या बोलण्याचंही असंच होतं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "यांना लागतच नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. माझ्या कोपरामागची शीर चाचपत त्यांनी रोगाचं नाव घेतलं. कुष्ठरोग.

"बाई, पुन्हा एकदा बघा ना," बायको हळू आवाजात म्हणाली.

"कातडीचा नमुना तपासायला पाठवते. पण मला शंका नाही. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, मावशी. गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागण होत नाही. एका ताटात जेवा. फक्त गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. काका, काम काय करता?"

"पुस्तकं बांधतो."

"मग गरम भांड्यांपासून हा हात जपा."

ते ऐकलं आणि मला सरसाचं भांडं आठवलं.

पुस्तकाच्या पाठीला लावायचा सरस कढू द्यायचा नसतो. जास्त तापला की त्याचा चिकटपणा मरतो. माझ्या वस्तादांनी शिकवलं होतं: भांडं डाव्या कोपराखाली टेकवायचं, चटका बसला की गॅस बंद. तीस वर्षं मी तेच करत आलो. गेल्या वर्षापासून चटका उशिरा बसायला लागला. मला वाटलं, गॅसची आच कमी झाली. वाचनालयातून अकरा पुस्तकं परत आली, पाठी सुटलेली. मी सरसवाल्याला चार लोकांसमोर म्हणालो, "भेसळ करता तुम्ही." वीस वर्षांचा संबंध. तो रिकामा डबा उचलून निघून गेला.

परतताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. मी डावा हात खिशात घालून मागून चाललो. आता ही माझ्याजवळ बसेल का, एवढंच मनात येत होतं. विचारायचं धाडस झालं नाही.

घराच्या पुढच्या खोलीतच माझं काम चालतं. मी सवयीनं गॅस पेटवला, सरसाचं भांडं चढवलं आणि मग नुसताच उभा राहिलो. ती आतून आली. काही न विचारता तिनं बाही वर सारली, भांडं उतरवून आपल्या कोपराखाली टेकवलं.

"पोळलं," ती म्हणाली. "बंद करा."

एवढ्यात? मी याच्या दुप्पट वेळ सरस तापवत होतो.

"उद्या सरसवाल्याकडे जाऊन येतो," मी म्हणालो.

"उद्या नाही. आत्ता. मीही येते. तुम्ही दारातच अडखळाल."

मी मान हलवली. चपला शोधायला वाकणार होतो, तर ती समोरून हलेना. मी खाली पाहिलं. तिनं माझ्या चट्ट्यावर हात ठेवला होता. केव्हा ठेवला, कोण जाणे.

मी हात खिशात घातला नाही. पाहत राहिलो. नजर काढली असती, तर तो हात तिथे आहे हे मला कळलं नसतं.